तिचं न बोलणं

३ जानेवारी, शनिवार. सकाळ.

नवी वही. नियम आधीच लिहून ठेवतो. या वहीत फक्त विचार. दूध, गॅस, नळ, नातेवाईक आणि ही काय म्हणाली, यांची नोंद होणार नाही. मागच्या वर्षीच्या वहीत बारा पानं नुसती नळावर गेली. वाचताना शिसारी आली.

आजची बातमी मोठी आहे. तो चित्रपट सापडला. परदेशातल्या कुठल्याशा तळघरात त्याची प्रत पडून होती. ती साफसूफ करून ८ फेब्रुवारीला मोठ्या सभागृहात दाखवणार. त्याच दिवशी, त्याच मंचावर, माझ्या पुस्तकाचं प्रकाशन. ‘तिचं न बोलणं’. पानं तीनशे ऐंशी. चित्रपटाआधी मी चाळीस मिनिटं बोलायचं.

पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या टॉकीजला तो एकच आठवडा होता. मी अकरा वेळा पाहिला. पुढे प्रत गायब. म्हणजे त्या चित्रपटावर अधिकाराने बोलेल असा माणूस आज एकच उरतो. नाव घेत नाही.

सिद्धान्त थोडक्यात. बाई, नवरा, घर. अर्धा चित्रपट ती दोरीवर कपडे वाळत घालते आणि काढते. मग एकदा दोरीकडे जाते, हात वर करते आणि थड्! एक पांढरा लख्ख क्षण. पुढच्या दृश्यात ती बसमध्ये, मांडीवर पिशवी. घर सोडलं. का? एक शब्द नाही. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर त्याने तिला रडवली असती, भाषण ठोकायला लावलं असतं. याने नाही. बाईच्या जाण्याला कारण नसतं हे सांगायला छाती लागते.

जेवताना हे सगळं हिला सांगितलं. म्हणाली, अहो, बोलते की ती. चादरीच्या घड्या घालत केवढं बोलते. मी कॉलेजात असताना आमच्या गावी पाहिलाय. म्हटलं, तो दुसरा कुठला तरी असेल. म्हणाली, असेल बाई. मग वसतिगृह, मुली, वर्षभर, असं काहीतरी सांगत होती. नियम आठवला. नोंद नाही.

६ जानेवारी, मंगळवार.

मासिकाकडून परीक्षणासाठी कादंबरी आली. पाचशे चाळीस पानं. लाकूडफाटा. माझी पद्धत ठरलेली आहे : तीस पानं. शितावरून भाताची परीक्षा. अख्खं पातेलं उपसणारे ते वाचक, समीक्षक नव्हेत.

तीस पानांत नायक चौदा वेळा खिडकीबाहेर बघतो. बाहेर काही नाही. आतही काही नाही. ‘या लेखकाला खिडकी नसलेल्या खोलीत ठेवावं’ असं लिहून टाकलं. वाक्य जमलं. परीक्षण पूर्ण.

मुलीने फोन करून एक नवा चित्रपट बघा म्हणून गळ घातली होती. वीस मिनिटं बघितला. सगळे धावत आहेत. कॅमेऱ्याच्या कानात माशी शिरली असावी असा तो हलतो. ओकारी यायची तेवढी बाकी होती. बंद केला. मुलगी म्हणाली, बाबा, विसाव्या मिनिटाला सगळे थांबतात, खरा चित्रपट तिथून आहे. म्हटलं, मग तिथूनच सुरू करायचा होता.

ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आहे. ‘साखर.’ ‘मीठ, साखर नव्हे.’ हिला तेहेतीस वर्षं चिठ्ठ्यांशिवाय कळत होतं. वय झालं.

१० जानेवारी, शनिवार.

पुस्तकाची प्रुफं. टायपिंग करणाऱ्याने ‘मौन’चं तीन ठिकाणी ‘मोल’ केलं आहे. किळसवाणं.

प्रकाशक घरी आला होता. गडी घाबरट. म्हणाला, सर, तळटीप एकशे चौदा जरा सौम्य करायची का? म्हटलं, का? तळटीप अशी आहे : ‘जुन्या समीक्षकांपैकी तिघांनी “नायिकेचं ते चार मिनिटांचं बोलणं” असा उल्लेख केला आहे. तिघांनीही चित्रपट पाहिलेला नाही, हे उघड आहे.’ यात असौम्य काय आहे? तिघंही वारले आहेत. दुखवणार कुणाला?

मग म्हणाला, सर, चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतलाय ती एकदा नजरेखालून घातली असेलच ना? त्याला शांतपणे समजावलं. मी मूळ पुस्तक कधीच वाचत नाही. नजर दूषित होते.

प्रकरण सहा मात्र त्याने हात जोडून ऐकलं. तेच पुस्तकाचा कळस आहे. त्या पांढऱ्या क्षणात, निमिषभर, पडद्यावर वलयं दिसतात. एकात एक, एकात एक. चौथ्या वेळी मला ती दिसली, सातव्या वेळी खात्री पटली, आठव्या वेळी अंधारात वहीवर चित्र काढून घेतलं. दगड पडल्यावर पाण्यात उठतात तशी. झाडाच्या बुंध्यात असतात तशी. कालचक्र. आणि त्या वलयांना छेदणारी एक तिरकी रेघ, काळाला गेलेला तडा. बेचाळीस पानं फक्त यावर. प्रकाशक म्हणाला, सर, हेच मुखपृष्ठावर घेऊ. घाबरट आहे, पण अगदीच दगड नाही.

१४ जानेवारी, बुधवार.

प्रुफं. पान दोनशे ते दोनशे साठ. ऐन तंद्रीत असताना ही खुर्ची ओढून समोर बसली. हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली. अहो, ऐकताय का, म्हणाली. म्हटलं, हं. मग घड्या घालत तीन-चार मिनिटं बोलली. इतकं सलग ही सहसा बोलत नाही. मी मधे मधे हं म्हणत होतो, त्यामुळे तिचा विरस झाला नाही. शेवटी म्हणाली, मग मी हो कळवू? म्हटलं, कळव. नक्की ना? म्हटलं, अगं नक्की, नक्की! थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. डोळे पाणावले होते. कांदा चिरला असावा.

संध्याकाळी माळ्यावरची सुटकेस खाली. पुसून उन्हात ठेवली. स्वच्छतेचा झटका.

पान दोनशे अठरावर स्वल्पविराम राहिला आहे. माझं लक्ष आहे म्हणून.

१९ जानेवारी, सोमवार.

मुलीचा फोन. बाबा, ग्रेट आहात तुम्ही, म्हणाली. आईने सांगितलं. मला वाटलं होतं तुम्ही आकाशपाताळ एक कराल. आम्ही दोघी महिनाभर धसका घेऊन बसलो होतो, आणि तुम्ही चक्क नक्की नक्की म्हणालात!

चला. पुस्तकाची बातमी तिच्यापर्यंत पोचली. धसका कशाचा ते कळलं नाही. माझ्या परखडपणाचा असेल. म्हटलं, तुझ्या बापाला कमी लेखू नकोस. म्हणाली, नाही लेखणार, पण कुकर लावायला शिका हं आता.

मुलीची विनोदबुद्धी आईवर गेली आहे.

२४ जानेवारी, शनिवार.

मन मोठं केलं. त्या काळातल्या टॉकीजच्या ऑपरेटरला शोधून काढलं. त्या आठवड्यात मशीनवर तोच होता. आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. मशीनतेलाचा वास, स्टुलावर पाय तुटलेला पंखा. तिथल्या चहाच्या कपाला कान नव्हता. तरीही प्यालो.

त्याला म्हटलं, समारंभात तुमचाही सत्कार करू. तुम्ही केवळ बटण दाबत होतात, पण तुमच्या हातून एक थोर कृती लोकांपर्यंत गेली. गहिवरला. म्हणाला, साहेब, अकरा वेळा आला होतात तुम्ही. पिटात, खांबाजवळ. शेवटी तर मी तिकीटवाल्याला म्हटलं, या माणसाला घरी कुणी नाही काय.

मग म्हणाला, त्या प्रतीचं मात्र एक सांगायचं राहूनच गेलं बघा, चौथं रीळ लावलं ना, तेव्हा काय झालं... मी हात वर केला. म्हटलं, तांत्रिक गप्पा नंतर. कारागिरांना एकदा बोलू दिलं की ते स्क्रूपर्यंत जातात.

३१ जानेवारी, शनिवार.

पुस्तक मंगळवारीच आलं. मुखपृष्ठाचा रंग पोटाच्या औषधासारखा. वलयं तेवढी बरोबर आहेत, कारण ती मी काढली आहेत. रेघेसकट.

ही चार दिवसांत सगळं वाचून मोकळी झाली. काय वाटलं, विचारलं. म्हणाली, भाषा छान आहे. मग आपल्या जुन्या ट्रंकेतून ती मूळ कादंबरी काढून आणली. कॉलेजातली, लग्नाआधीचं नाव घातलेली. म्हणाली, एकदाच वाचा हो, आठ तारखेच्या आत. निदान पान दोनशे अकरा. मी सांगून तुम्हाला खरं वाटत नाही, छापलेलं तरी वाटेल. म्हटलं, ठेव टेबलावर. टेबलाचा डावा पाय किती तरी दिवस डुगडुगत होता. त्याच्याखाली बरोबर बसली. जाडीला चांगली आहे.

दुपारी मला गॅससमोर उभा करून कुकर शिकवला. तीन शिट्ट्या, मग बारीक. ज्याने मौनावर तीनशे ऐंशी पानं लिहिली त्याला शिट्ट्या मोजायला लावते! शिवाय पत्ता, फोन, तारीख असं काहीतरी लिहून घ्या म्हणाली. हाताशी पेन नव्हतं. लक्षात ठेवतो म्हटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार.

भाषणाची तालीम, आरशासमोर. चाळीस मिनिटांचं साठ होतं आहे. काही काढता येत नाही. लोकांनी बसावं.

ठरवलं आहे : एकाहत्तराव्या मिनिटाला ती दोरीकडे जाईल, तेव्हा मी अंधारात पहिल्या रांगेतून उजवं बोट वर करीन. एकच बोट. लोकांना कळेल, आता.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

प्रसन्न. इस्त्रीचा शर्ट तयार. ही म्हणाली, मी पहिल्या रांगेत कडेला बसते. साडेपाचला मात्र उठावं लागेल, सहाची बस आहे. रागावू नका. सभागृह चालत दहा मिनिटांवर आणि हिला बस हवी! सांगून उपयोग नाही.

दाराशी माझी कॉलर सारखी केली. जरा जास्तच वेळ सारखी करत होती.

आजपासून लोक चित्रपट बघायला शिकतील.

८ फेब्रुवारी. रात्री ८.

क्रमाने लिहितो. डोकं शांत ठेवून.

सभागृह भरलेलं. खुर्च्या कण्हणाऱ्या, माईकला खोकला. ऑपरेटरचा सत्कार, गुच्छ, टाळ्या. माझं भाषण बासष्ट मिनिटं. जांभया सात, सगळ्या डावीकडे. मी स्पष्ट सांगितलं : ही बाई एक शब्दही बोलणार नाही. एकाहत्तराव्या मिनिटाला पांढरा क्षण येईल, डोळे उघडे ठेवा, वलयं दिसतील. ज्याला दिसणार नाहीत त्याने चित्रपट पाहायला येऊ नये.

चित्रपट सुरू.

एकाहत्तरावं मिनिट. ती दोरीकडे गेली. हात वर केला. मी बोट वर केलं.

थड् झालं नाही. पांढरं काही आलं नाही. तिने चादर खाली ओढली, एक टोक हनुवटीखाली धरलं आणि बोलायला लागली.

चार मिनिटं. माझं बोट तेवढा वेळ वरच होतं.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मागे कुणीतरी मोबाइलच्या उजेडात माझं पुस्तक उघडून शेजारच्याला वाचून दाखवत होतं, ‘ती एक शब्दही उच्चारत नाही.’ शेजारचा हसत होता. मग त्याच्या शेजारचा. प्रकाशक माझ्या उजवीकडे होता, तो मधेच डावीकडच्या रांगेत गेला. पडद्यावर तिचा नवरा टेबलाशी कागद तपासत बसला होता आणि मधे मधे हं म्हणत होता. तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

हिच्याकडे बघितलं. ही पडद्याकडे बघत होती. ओठ हलत होते. शब्दाला शब्द. हिला पाठ होतं.

पुन्हा बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दिवे लागले. ऑपरेटर गुच्छ सांभाळत, खुर्च्यांच्या मधून आडवा धावत आला. सगळ्यांदेखत म्हणाला, साहेब, हाच तो तुकडा! मी सांगत होतो ना, पहिल्याच खेळाला दिव्यावर पट्टी अडकली आणि पेटली. चार मिनिटांची राख. ब्लेडने कापलं, दोन टोकं चिकटवली, सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं. खाली पब्लिक खुर्च्या आपटतंय, मग काय करता? आठवडाभर तसंच चालवलं. कुणी हूं का चूं केलं नाही. तुम्ही तर टाळ्या वाजवायचात.

मग त्याची नजर मुखपृष्ठावर गेली. थोडा वेळ बघत राहिला. पुस्तक हातात घेतलं, उजेडाकडे वळवलं, आपला अंगठा त्या वलयांशेजारी धरला. म्हणाला, अहो, हा माझा आहे. ही तिरकी रेघ बघा, लहानपणी पत्रा लागला होता. सात टाके.

लोक रांग लावून अंगठा बघायला आले. माझी सही घ्यायला कुणी आलं नाही. त्याची दोघांनी घेतली. अंगठ्याचीही मागितली.

प्रकाशक म्हणाला, सर, शुद्धिपत्र जोडू या का? म्हटलं, काय लिहिणार? म्हणाला, पान एक ते तीनशे ऐंशी.

निघताना ऑपरेटर मागून आला. म्हणाला, वहिनी तो सीन संपल्यावर उठल्या. दाराशी मला म्हणाल्या, आज पुरा दाखवलात, बरं वाटलं. म्हटलं, वहिनी, आज मशीनवर मी नाही. हसल्या. डोळेही पुसत होत्या. बसला उशीर होईल म्हणाल्या.

घरी ताट झाकून ठेवलेलं. ही नाही. बहिणीकडे गेली असेल. अशा दिवशी माणसाला एकटं टाकून! लोकांना काही वाटत कसं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.

झोप नाही, पण विचार स्पष्ट. चूक माझी नाही, दिग्दर्शकाची आहे. ती चार मिनिटं चित्रपटात नकोच होती. ऑपरेटरने ती काढली आणि चित्रपट महान झाला. खरा कलावंत तोच. दुसऱ्या आवृत्तीला नवी प्रस्तावना : ‘आगीचं संपादन’. उठून मुद्दे काढतो.

सकाळी ८.

ही आली नाही. सुटकेस नाही. तिची चप्पल नाही, चष्म्याची डबी नाही, खुंटीवर फक्त माझे कपडे. बहिणीकडे एवढं सामान नेत नाहीत.

कुठे गेली ते तिने सांगितलं असणार. ही न सांगता जाणारी नाही. म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली. मी सगळं लिहून ठेवतो.

३ जानेवारी : ‘वसतिगृह, मुली, वर्षभर, असं काहीतरी... नोंद नाही.’ १४ जानेवारी : ‘तीन-चार मिनिटं बोलली.’ खाली स्वल्पविरामाची नोंद आहे. ३१ जानेवारी : ‘पत्ता, फोन, तारीख असं काहीतरी.’

तीनदा. तिन्ही ठिकाणी थड्.

चहा केला. चिठ्ठी वाचून साखर घातली. गोड लागला.

सकाळी ११.

मुलीला फोन केला. ती आपणहून म्हणाली, बाबा, आई पोचली हं सुखरूप. कुठे, असं विचारायचं होतं. हो का, छान, म्हटलं. माझ्याच्याने विचारवलं नाही.

मग हिच्या मोबाइलवर. मागे पोरींचा गलका, भांड्यांचे आवाज. म्हणाली, दूध तापवलंत का? म्हटलं, एक सांग, मी कशाला नक्की म्हणालो होतो?

बराच वेळ काही बोलली नाही. हे मात्र खरं न बोलणं होतं. यावर प्रकरण लिहिता येणार नाही.

मग सांगितलं, अगदी साध्या आवाजात. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून बोलावणं आलं आहे. निदान वर्षभर. बसने सहा तास. पासष्ट मुली. निवृत्त झाल्यापासून घरात तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, तिथे गप्प बसायला वेळ नसतो. म्हटलं, आणि १४ तारखेला काय म्हणालीस? ते सगळं पुन्हा सांग. आता ऐकतो.

म्हणाली, अहो, ते महिनाभर जुळवलं होतं मी. रोज भांडी घासताना थोडं थोडं. ते काय आता पुन्हा तसं यायचं आहे होय? बरंचसं त्या कादंबरीत आहे, तिथलंच उचललं होतं. वाचा. आणि एकदम दोनशे अकरावं पान काढू नका. नुसतं तेवढंच वाचलंत तर वाटेल, बाई उगाच तक्रार करते आहे. पहिल्यापासून वाचा.

म्हटलं, तू परत येणार ना?

म्हणाली, आधी वाचून तर होऊ दे. मग बोलू. घंटा झाली हं, ठेवते.

दुपारी ३.

कादंबरी टेबलाखालून काढली. मुखपृष्ठावर टेबलाच्या पायाचा गोल ठसा उमटला आहे. टेबल पुन्हा डुगडुगतं, त्यामुळे अक्षर असं आलं आहे. पान चौदावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. हिची, एकोणीस-वीस वर्षांची असतानाची. त्या वाक्यात विशेष काही नाही. तीनदा वाचलं.

दूध उतू गेलं. नोंद केली.

तीस पानं झाली. अजून काहीच कळलेलं नाही.